'तीन दिवसांत पेपर पब्लिश' असा मेसेज आलाय? पैसे पाठवायच्या आधी हे वाचा

"आदरणीय सर/मॅडम, कॉल फॉर पेपर. आंतरराष्ट्रीय पीअर रिव्ह्यूड जर्नल. इम्पॅक्ट फॅक्टर ८ च्या वर. सर्व विषय, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषा. आज पेपर पाठवा, तीन दिवसांत पब्लिश. ई-सर्टिफिकेट मोफत." आणि खाली पैसे भरायचा क्यूआर कोड.

सेट-नेटच्या एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असाल, पीएचडीला रजिस्ट्रेशन झालेलं असेल किंवा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत असाल, तर असा मेसेज तुम्हाला आलेला असणारच. मी तर मास कम्युनिकेशन करून पत्रकारितेत आले, संशोधनाशी माझा संबंध एमएच्या प्रोजेक्टपुरता. तरी मलाही येतो. 'आदरणीय डॉक्टर' म्हणून येतो. घरी दाखवला तर आई खूश झाली.

माझ्या एका मैत्रिणीने मात्र तो मेसेज खरा मानला. ती सीएचबीवर शिकवते. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी सहा-सहा महिन्यांनी एकदम. पीएचडीसाठी तिने दोन उन्हाळे गावोगाव फिरून बायकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातलं सगळ्यात चांगलं प्रकरण काढून तिने पेपर केला, अशाच एका मेसेजवरच्या पत्त्यावर पाठवला आणि पैसे भरले. दुसऱ्या दिवशी 'स्वीकारला', चौथ्या दिवशी वेबसाइटवर. वर्षभराने एका चांगल्या जर्नलकडे तोच पेपर पाठवायचं ठरलं तेव्हा कळलं, की आता तो पाठवता येत नाही. का, तर तो 'आधीच प्रसिद्ध' झालाय.

म्हणजे नुसते पैसे गेले असं नाही. दोन उन्हाळ्यांचं काम अडकलं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

हा धंदा उभा कसा राहिला?

यूजीसीने २००९ साली नियम केला, की पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी उमेदवाराचा किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध झालेला हवा. २०१० मध्ये एपीआय आलं. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी प्रत्येक कामाला गुण. त्यात पीअर रिव्ह्यू असलेल्या जर्नलला जास्त गुण होतेच, पण पीअर रिव्ह्यू नसलेल्या, फक्त आयएसएसएन किंवा आयएसबीएन नंबर असलेल्या नियतकालिकांनाही गुण मिळायचे.

झालं. नंबर घ्या आणि दुकान टाका.

इथे एक गैरसमज आधीच मोडतो. आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नाही. ती गाडीची नंबर प्लेट आहे. गाडी आहे एवढंच त्यावरून कळतं, ब्रेक लागतात की नाही हे कळत नाही.

मागणी तयार झाली होती, माल पुरवणारे आले. कॉलेजमध्ये एक दिवसाचा 'राष्ट्रीय चर्चासत्र' नावाचा कार्यक्रम, रजिस्ट्रेशन फीमध्ये जेवण, फाइल, प्रमाणपत्र आणि 'विशेषांकात' पेपर. चार पानांचा तो पेपरही ठरलेल्या साच्यातला: प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती, मर्यादा, निष्कर्ष, संदर्भसूची. वाचला कोणी? बहुतेक वेळा टाइप करणाऱ्याने.

मग यूजीसीने ठरवलं, आपणच यादी काढू. २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी आली, त्यात तीस हजारांहून जास्त नावं. काही नावं स्कोपससारख्या आंतरराष्ट्रीय सूचींमधून आली होती, काही विद्यापीठांनी सुचवलेली. या दुसऱ्या गटाची तपासणी पुण्यातल्या प्रा. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि मोठ्या सूचींमध्ये नसलेल्या जर्नल्सपैकी ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट असू शकतात, असं त्यांना आढळलं. कोणाचा पत्ता खोटा, कोणाचा आयएसएसएन चुकीचा, कोणाचा इम्पॅक्ट फॅक्टर घरी बनवलेला.

त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकली. पुढे यूजीसी-केअर नावाची नवी यादी आली, जून २०१९ मध्ये. तिचं कामकाज पाहणारा कक्ष सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच होता. काही वर्षं 'केअर लिस्टेड आहे का?' हा परवलीचा प्रश्न झाला. लगेच दुसरा धंदा सुरू झाला, केअरमधल्या खऱ्या जर्नलची हुबेहूब नकली वेबसाइट काढायचा. नाव तेच, आयएसएसएन तोच, क्यूआर कोड मात्र वेगळा. याला क्लोन किंवा हायजॅक केलेलं जर्नल म्हणतात.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादीच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता यादी नाही, फक्त मार्गदर्शक निकष आहेत. जर्नल चांगलं की वाईट हे विद्यापीठांनी, कॉलेजांनी आणि संशोधकांनी स्वतः ठरवायचं. त्यामुळे आजही कोणी 'यूजीसी अ‍ॅप्रूव्हड' किंवा 'केअर लिस्टेड' म्हणून जाहिरात करत असेल, तर तिथेच थांबलेलं बरं.

हे सगळं आपल्याकडेच आहे का?

नाही. पण आपला वाटा मोठा आहे, हेही खरं. अशा जर्नल्सना 'प्रिडेटरी' हा शब्द अमेरिकेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी रूढ केला. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक सापळा लावला. कॅन्सरवरच्या औषधाचा एक बनावट पेपर लिहिला, त्यात कुठल्याही जाणकाराला दिसतील अशा ढोबळ चुका मुद्दाम ठेवल्या आणि त्याच्या ३०४ आवृत्त्या खोट्या नावांनी वेगवेगळ्या जर्नल्सना पाठवल्या. १५७ जर्नल्सनी पेपर स्वीकारला. त्यांच्या नमुन्यातल्या भारतातून चालणाऱ्या जर्नल्सपैकी ६४ नी स्वीकारला, १५ नी नाकारला.

२०१५ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी याहून गमतीशीर प्रकार केला. 'ॲना ओ. शुस्ट' नावाची अस्तित्वातच नसलेली बाई तयार केली आणि तिला संपादक करा म्हणून ३६० जर्नल्सना अर्ज पाठवले. पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे भामटा. ४८ जर्नल्सनी तिला संपादक करून टाकलं.

कोर्टातही प्रकरणं गेली. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशन कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खटला भरला आणि मार्च २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनीला ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला. कंपनीवर ठपका होता तो पीअर रिव्ह्यूबद्दल खोटे दावे करण्याचा आणि पैशांची माहिती लपवण्याचा.

पण मार्क तर पेपरलाच मिळतात ना?

इथे थोडं गणित करू, कारण बहुतेक जण घाबरतात ते हे गणित माहीत नसल्यामुळे.

पहिली गोष्ट. पीएचडीसाठी पेपर छापलाच पाहिजे, ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, म्हणून पीएचडी विभागातून लेखी नियम मागून घ्या. 'सर म्हणाले', 'सीनियर म्हणाला' यावर जाऊ नका. सीनियरने २०१६ च्या नियमावलीत पीएचडी केलेली असते.

दुसरी गोष्ट. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. पण मुलाखतीला बोलवायच्या यादीत पीएचडीचे मार्क लागतात.

तिसरी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत छाननीसाठी १०० गुणांचा तक्ता आहे. विद्यापीठातल्या पदासाठी पीएचडीला ३० गुण आणि शोधनिबंधांना जास्तीत जास्त १०. एका पेपरला २. कॉलेजातल्या पदासाठी पीएचडीला २५ आणि शोधनिबंधांना जास्तीत जास्त ६.

म्हणजे काय? या तक्त्यानुसार विद्यापीठासाठी पाच पेपरच्या पुढे आणि कॉलेजसाठी तीन पेपरच्या पुढे एकही गुण वाढत नाही. तरी लोक बायोडेटात चाळीस पेपर घेऊन फिरतात. चाळीस गुणिले दोन-तीन हजार, हिशोब तुम्हीच करा.

मुलाखतीच्या टेबलावर तर उलटंच होतं. समोर बसलेल्या विषयतज्ज्ञाने एक पेपर उघडला आणि 'हा नमुना असाच का निवडला?' एवढं विचारलं, की चाळीसपैकी किती पेपर तुम्ही स्वतः लिहिलेत ते पाच मिनिटांत उघड होतं.

एक सावधगिरी. भरतीची सूत्रं बदलत असतात. यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये नवा मसुदा आणलाय, राज्याच्या पातळीवरही सूत्रं ठरतात. त्यामुळे वरचा तक्ता पाठ करण्यापेक्षा ज्या जाहिरातीला अर्ज करताय तिच्यातला तक्ता वाचा.

जर्नल तपासायचं कसं? अर्ध्या तासाचं काम

मेसेजमधून जर्नलकडे जाऊ नका, हा पहिला नियम. पेपरची संदर्भसूची उघडा. तुमच्या विषयातलं जे काम तुम्ही वाचून मान्य केलंत, ते कुठे छापून आलंय? त्या सात-आठ जर्नल्सपैकी एखाद्यात तुमच्या पेपरची जागा असते. आणि संदर्भसूचीत एकही जर्नल नसेल, नुसती पाठ्यपुस्तकं आणि वेबसाइट असतील, तर पेपर अजून तयारच नाही.

नाव ठरलं की त्याचे जुने अंक काढा आणि तीन पेपर खरंच वाचा. फक्त शीर्षकं नाही. एकाच अंकात कापसावरची कीड, संत साहित्य आणि बँकांचे थकीत कर्ज असं सगळं नांदत असेल, तर त्या संपादकाला सगळ्या विषयांतलं कळतं किंवा कशातलंच कळत नाही. यातलं काय जास्त शक्य आहे हे सांगायला नको.

मग संपादक मंडळ बघा. त्यातल्या दोघांचं त्यांच्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर पान आहे का? तिथे त्यांनी या जर्नलचा उल्लेख केलाय का? शंका आली तर विद्यापीठाच्या ईमेलवर दोन ओळी लिहून विचारा. अनेकदा त्या माणसाला आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं.

'स्कोपस इंडेक्स्ड' असा दावा असेल तर तो स्कोपसच्या साइटवरच तपासा. जर्नलच्या पानावरचा लोगो हा पुरावा नाही, तो कोणीही चिकटवू शकतो. स्कोपसची स्रोतसूची लॉगिन न करता, मोफत बघता येते. आयएसएसएन टाकून शोधा आणि कोणत्या वर्षापर्यंतची नोंद आहे तेही बघा, कारण दर्जा घसरला की स्कोपस जर्नलला बाहेर काढतं आणि जर्नल मात्र जुना लोगो मिरवत राहतं. सर्वांना मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्ससाठी डीओएजे ही सूची आहे, तीही खुली.

इम्पॅक्ट फॅक्टरचं तसंच. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी आपल्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये देते. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' असली विशेषणं लावून मिळणारे इम्पॅक्ट फॅक्टर वेगळेच असतात. त्यातले काही तर पैसे भरून मिळतात.

आणि क्लोन? जर्नलची वेबसाइट गुगलवरून न उघडता आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर दिलेल्या दुव्यावरून उघडा. रिट्रॅक्शन वॉच या गटाने हायजॅक झालेल्या जर्नल्सची यादीही ठेवलीय, ती शोधून बघा. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यात मागितले, तर बाकी काही तपासायची गरजच उरत नाही.

पैसे मागणारं प्रत्येक जर्नल मात्र फसवं नसतं, हेही लक्षात ठेवा. ओपन अ‍ॅक्सेस प्रकारात लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेतात, ते मोठ्या प्रकाशकांकडे लाख-दोन लाखांतही जातं. फरक असा, की चांगलं जर्नल ते आधी जाहीर करतं आणि पेपर स्वीकारायचा की नाही हे त्यावर ठरत नाही. तरीही माझं मत असं, की सुरुवातीला खिशातून पैसे भरून छापायची गरज नाही. वर्गणीवर चालणारी बरीच जर्नल्स लेखकाकडून काहीच घेत नाहीत. सामाजिक शास्त्रांसाठी मुंबईतून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' घ्या, छापायला पैसे लागत नाहीत. लागतं ते चांगलं काम.

मराठीत लिहिणाऱ्यांना वाटतं आपल्याला पर्यायच नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचं 'नवभारत', पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'परामर्श' ही नावं आधी बघा. गुणांसाठी पेपर लागणार असेल तर त्या नियतकालिकाची पीअर रिव्ह्यूची पद्धत काय आहे हे संपादकांना विचारून घ्या. पण तिथे छापून आलेलं तुमच्या विषयातली माणसं वाचतात, हा फायदा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जर्नलमध्ये कधीच मिळणार नाही.

बरं, पण लिहायचं काय?

आपल्याकडच्या प्रबंधाचं शीर्षक ठरलेलं असतं. अमुक जिल्ह्यातील तमुक: एक चिकित्सक अभ्यास. प्रबंधाला ते चालून जातं, पेपरला नाही. पेपरला एक प्रश्न लागतो. एकच.

समजा, प्रबंध 'सोलापूर जिल्ह्यातील महिला बचत गट: एक चिकित्सक अभ्यास' असा आहे. त्यात बचत गटांचा इतिहास आहे, सरकारी योजना आहेत, तक्ते आहेत, पाय चार्ट आहेत. पण मुलाखतींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली, की कर्ज बाईच्या नावावर आणि ते कशाला वापरायचं हे नवऱ्याने ठरवलेलं. मग पेपरचा प्रश्न हाच. कर्ज कोणाच्या नावावर आणि निर्णय कोणाचा? बाकी सगळं बाजूला. बचत गटांचा इतिहास चार ओळींत, कारण वाचणाऱ्याला तो माहीत आहे. कोणाला भेटलात, कसं निवडलंत, काय विचारलंत हे मात्र सविस्तर, कारण ते फक्त तुम्हालाच माहीत आहे. आणि आधीच्या संशोधकांनी यावर काय म्हटलंय, तुमचं त्यांच्यापेक्षा वेगळं काय निघालं, हे पहिल्या दोन पानांत आलं पाहिजे.

आधीचं काम वाचायला पैसे लागतात, ही अडचण थोडी कमी झालीय. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेत जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स ६,३०० हून जास्त सरकारी संस्थांना खुली झालीत. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटींची तरतूद आहे. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. बहुतेक जण विचारतच नाहीत. भारतातले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत आहेत. आणि काहीच मिळालं नाही तर लेखकाला ईमेल करा. आपला पेपर कोणी वाचायला मागतंय याचा लोकांना इतका आनंद होतो, की बऱ्याचदा लगेच पाठवतात.

एआयकडून संदर्भ काढत असाल तर प्रत्येक संदर्भ उघडून बघा. नसलेल्या पुस्तकांची नावं लेखक, वर्ष आणि पान क्रमांकासकट देण्यात ही टूल्स पटाईत आहेत. आणि उचलेगिरीचं म्हणाल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, प्रबंधात ६० टक्क्यांच्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द होऊ शकतं.

पेपर पाठवला. पुढे काय होतं?

आधी संपादक स्वतः बघतात. जर्नलच्या विषयात बसत नसेल किंवा कच्चा असेल तर तिथूनच परत. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात. वाईट वाटतं, पण ते लवकर होतं, त्यामुळे पुढच्या जर्नलकडे जायला मोकळे होता. संपादकांना पटला तर दोन किंवा जास्त तज्ज्ञांकडे जातो. ते फुकट काम करतात, स्वतःचं शिकवणं सांभाळून. म्हणून महिने लागतात. तीन दिवसांत हे होऊ शकत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नल्सना पाठवायचा नाही. लग्नाच्या बायोडेटासारखा चार ठिकाणी फिरवला आणि दोघांनी होकार दिला, तर दोन्हीकडून नाव जातं.

मग उत्तर येतं आणि त्यात शेरे असतात. पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना रडू येतं. शेरे आलेल्या दिवशी उत्तर लिहू नका, दोन दिवस जाऊ द्या. 'मेजर रिव्हिजन' असं आलं असेल तर ती चांगली बातमी आहे हे समजून घ्या. संपादकाला पेपर नको असता तर त्याने दुरुस्त्या सांगितल्याच नसत्या.

मग एक साधा तक्ता करा. पहिल्या रकान्यात परीक्षकाचा शेरा जसाच्या तसा, दुसऱ्यात तुम्ही काय केलंत, तिसऱ्यात बदल कुठल्या पानावर आहे. एकही शेरा सोडायचा नाही. परीक्षक म्हणाला, 'नमुना लहान आहे', तर 'धन्यवाद, मान्य' म्हणून पुढे जाऊ नका. चाळीस मुलाखतींमधून काय सांगता येतं आणि काय सांगता येत नाही हे पेपरात लिहा, निष्कर्षातले 'सर्व महिला' काढून 'आम्ही भेटलेल्या महिला' करा आणि तसं तक्त्यात नोंदवा. परीक्षकाचं चुकलंय असं वाटत असेल तर तेही लिहिता येतं, कारण आणि संदर्भ देऊन. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही ही सवय असते, पण इथे ते उलट बोलणं नसतं.

नाकारला तरी शेरे तुमचेच. दुरुस्त करा, पुढच्या जर्नलला पाठवा.

छोट्या पण पुढे नडणाऱ्या गोष्टी

नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पहिल्या पेपरवर नुसती आद्याक्षरं, दुसऱ्यावर पूर्ण नाव, लग्नानंतर तिसऱ्यावर वेगळंच आडनाव. गुगल स्कॉलरला या तीन वेगळ्या बाया वाटतात. पहिला पेपर पाठवायच्या आधी एक नाव ठरवा आणि ऑर्किड नावाचा मोफत १६ अंकी ओळख क्रमांक काढा. तो प्रत्येक पेपरवर टाका.

गाइडचं नाव. ते टाकायचं का, पहिलं की दुसरं, हे पेपर लिहून झाल्यावर विचारलं की अवघड होतं. सुरुवातीलाच बोला आणि बोलणं झालं की एक साधा ईमेल टाकून ठेवा: 'सर, आज ठरल्याप्रमाणे लेखकांचा क्रम असा राहील.' भांडायला नाही, दोघांच्याही लक्षात राहावं म्हणून. काही काम न करता ज्यांची नावं टाका असं सांगितलं जातं, तो प्रश्न मोठा आहे आणि त्यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं माहीत असू द्या, की पेपरमध्ये काही खोटं निघालं तर नाव असलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

आणि आधीच अडकला असाल तर?

पैसे भरले नसतील तर भरू नका. पेपर पाठवलाय पण छापला नाही, तर 'पेपर मागे घेत आहे, प्रसिद्धीला माझी संमती नाही' असं ईमेलने लिहा आणि त्याची प्रत ठेवा. कॉपीराइटच्या फॉर्मवर सही केली नसेल तर तेही त्यात लिहा. यावर काही जण मागे घेण्याचे वेगळे पैसे मागतात. ते देऊ नका, दिल्यावर पेपर काढतीलच याची खात्री नसते.

छापून झालाच असेल तर गाइडना सांगा. लाज वाटते, पण लपवून तोच पेपर दुसरीकडे पाठवला आणि साम्य सापडलं, तर गोष्ट उचलेगिरीपर्यंत जाते. नव्या जर्नलच्या संपादकाला आधीच खरं लिहून विचारता येतं. काही ऐकून घेतात, बरेच नाही म्हणतात. पण छापला गेलाय तो पेपर. तुमची वही, रेकॉर्डिंग्ज आणि आकडे अजून तुमच्याकडेच आहेत.

माझ्या मैत्रिणीने शेवटी तेच केलं. बायोडेटातून तो पेपर काढून टाकला, त्याचे दोन गुण सोडून दिले. त्याच मुलाखतींमधून पहिल्या पेपरात न आलेला एक वेगळा प्रश्न घेतला, दिवाळीच्या सुट्टीत परत त्या गावांत जाऊन अकरा बायकांना पुन्हा भेटली आणि नवा पेपर लिहिला. पहिल्या जर्नलने तो नऊ दिवसांत परत केला. दुसऱ्याकडून साडेचार महिन्यांनी दोन परीक्षकांचे मिळून सतरा शेरे आले. परवा फोन केला तेव्हा तेराव्या शेऱ्यावर होती.